क्रमांक चार मोठ्याने श्वास घेतो

४ फेब्रुवारी

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, सकाळी अकरा वाजता, अंघोळ करून आणि इस्त्रीचा सदरा घालून मी पबमध्ये गेलो. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, बाटलीचं बूचसुद्धा कधी हुंगलं नाही, आणि आता हे.

ही जावईबापूंची कृपा. ते पर्यटकांसाठी पुस्तकं छापतात. शहरात साहेबाच्या राज्यातले नऊ पब अजून चालू आहेत; त्यांची एक देखणी पुस्तिका काढायची, मजकूर मी लिहायचा. "बाबा, जुने कागद चाळणारा तुमच्यासारखा माणूस मला कुठे मिळणार?" म्हणाले. लेक मागे उभी राहून जोरजोरात मान डोलवत होती. तिला माझा अभिमान वाटत असावा. अक्काचं म्हणणं वेगळं. "रोज फोनवर तुझी गाऱ्हाणी ऐकण्यातून सुटली बिचारी," म्हणाली. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून माझ्याकडे असते. घर माझं आहे, पण चालतं तिच्या हुकमाने.

पहिला पब बंदराजवळचा. आत शिरताच वासाने थोबाडीत मारली. ओली सतरंजी, शिळा धूर, आंबलेलं काहीतरी, आणि त्यावर कोणीतरी शिंपडलेलं गुलाबाचं अत्तर. नुसता घाणेरडा वास एक वेळ सोसवतो. अत्तर मारलेला नाही सोसवत. भिंतीवर रानडुकराचं मुंडकं, कसर लागलेलं, आणि त्याच्या तोंडात कोणा रसिकाने सिगारेट खोचलेली. साहेब ज्यात थुंकत असे ती पितळी पिकदाणी घासूनपुसून टेबलावर ठेवली आहे. तिच्यात आता खारे दाणे देतात. मला आग्रह झाला. मी रुमाल नाकाला लावून बाहेर आलो.

सोबत फोटो काढायला एक मुलगी दिली आहे. पंचविशीची असेल. मला काका म्हणते. दुपारचे बारा वाजायच्या आत तिने अख्खा ग्लास बिअर रिचवली आणि वर म्हणाली, "काका, तुमचं तोंड असंच ठेवा, छान फोटो येईल." मी तिच्याशी परत येईपर्यंत बोललो नाही.

७ फेब्रुवारी

दुसरा आणि तिसरा पब. दुसऱ्यात एक खुर्ची जपून ठेवली आहे, तिला चामड्याचे पट्टे. साहेब झिंगून खाली पडू नये म्हणून नोकर त्याला बांधून ठेवत. गिऱ्हाइकं तीत बसून पट्टे आवळून घेतात आणि खिदळतात. तिसऱ्यात भिंतीला एक भोक आहे. बाहेर बसून माणूस पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून दिवसभर पंखा ओढत असे, ती दोरी त्या भोकातून जायची. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत. आता तिथे दोरी आहे, ती ओढली की घंटा वाजते आणि एक पेला फुकट.

मी मालकाला विचारलं, "ओढणारा माणूस कोण होता, काही माहिती?"

तो म्हणाला, "कोण म्हणजे? ओढणारा."

अशांना शिकवून तरी काय उपयोग! माझेच विद्यार्थी असतील यातले काही.

जिना झाडणारी बाई पहाटे सहालाच खोकत खोकत पायऱ्या झाडते. तो खोकला थेट माझ्या उशीशी येतो. सोसायटीच्या चिटणिसांना आज सभ्य भाषेत एक अर्ज टाकला. लेखी दिलेलं बरं असतं.

१२ फेब्रुवारी

चौथा, पाचवा, सहावा. लिहिण्यासारखं काही नाही. एकाच्या मुतारीत साहेबाच्या राजाची तसबीर लावली आहे, आणि ती बघायला लोक लांबून येतात. देशप्रेमाचा हा प्रकार मला नवीन होता.

फोटोवाली मुलगी आज बिअर प्यायली नाही. मी कारण विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं, "आज सगळ्या भिंतींवर मेलेलीच जनावरं आहेत, काका. घशाखाली नाही उतरत." मुलगी अगदीच वाया गेलेली नाही.

१५ फेब्रुवारी

आज सातवा. 'कर्नलचं डोकं.' नाव ऐकून मी पुन्हा एखाद्या मुंडक्याच्या तयारीनेच गेलो होतो. पण दारावरच्या पाटीवर नुसतं मिशीवाल्या कर्नलचं चित्र आहे. आतली खोली सुंदर आहे, हे कबूल केलं पाहिजे. काळपट लाकूड, उंच खिडक्या, खाली काळ्यापांढऱ्या फरश्या. मालक चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा, बोलायला लोणी. त्याने माझे दोन्ही हात हातांत घेतले.

"सर, आमच्याकडे खजिना आहे."

खजिना म्हणजे एक जाडजूड वही, काचेच्या पेटीत ठेवलेली. साहेबांची तक्रारवही, हा पब त्यांचा क्लब होता तेव्हाची. सभासदाने डाव्या बाजूला तक्रार लिहायची, चिटणिसाने उजव्या बाजूला काय केलं ते. मालकाने पेटी उघडून ती माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा पुसून वाचायला बसलो आणि दीड तास उठलो नाही. नोकरांची नावं कुठेच नाहीत, नुसते क्रमांक. माझ्या टिपणवहीत उतरवलेलं असं:

क्रमांक सात माझ्या विनोदावर हसला. तो मी त्याला सांगितला नव्हता. — छड्या.

क्रमांक दोनला भाषा कळते असा मला संशय आहे. — बाहेरच्या कामाला लावले.

क्रमांक चार मोठ्याने श्वास घेतो. — समज दिली.

क्रमांक चार अजूनही मोठ्याने श्वास घेतो. — काढले.

क्रमांक अकरा मेला असे कळते. मग माझ्या टेबलाकडे कोण बघणार? — क्रमांक अकरा नवा नेमला.

वाचता वाचता तोंडाला कडवट पाणी सुटलं. आणि त्यातच समोर पाण्याचा ग्लास आला. ग्लासाखाली पुठ्ठ्याची गोल चकती, आणि चकतीवर झोकदार अक्षरांत छापलेलं, 'क्रमांक चार मोठ्याने श्वास घेतो.' खाली एका फेटेवाल्याचं व्यंगचित्र, गाल फुगवलेला. अशा सहा तऱ्हेच्या चकत्या आहेत म्हणे. "लोक खिशात घालून नेतात, सर! हीच सगळ्यात जास्त जाते," मालक म्हणाला.

ग्लास ठेवणारा वेटर म्हातारा होता. साठीच्या पुढचा, सडपातळ. त्याने चकती अशी ठेवली की अक्षरं त्याच्या बाजूला उलटी आणि माझ्या बाजूला सुलटी यावीत. हात मात्र तिला लागेल न लागेल असा.

पाणी न पिताच उठलो.

१६ फेब्रुवारी

अक्काला चकतीचं सांगितलं. तिने हातातली भाजी निवडणं थांबवलं.

"दम लागत असेल रे त्याला," म्हणाली.

"कोणाला?"

"त्या चार नंबरला. उगाच कोण मोठ्याने श्वास घेईल?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी साहेबाच्या वृत्तीचा विचार करत होतो.

१९ फेब्रुवारी

पुन्हा तिथेच गेलो, एकटा, दुपारी तीनला. गिऱ्हाईक नव्हतं. मालकही नव्हता. म्हाताऱ्या वेटरने मला ओळखलं आणि नुसत्या टेबलावर पाणी ठेवलं, चकतीशिवाय. मी आभार मानले. म्हटलं, "ही चकती फार नीच आहे."

तो ग्लास पुसत राहिला. मग म्हणाला, "माझे आजोबा होते, सर."

"कोण?"

"चार."

मी त्याला समोर बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच, पुसलेला ग्लास परत पुसत, त्याने सांगितलं. आजोबांना दमा होता. पितळ घासायची पावडर, धूर, पडद्यांची धूळ, सगळ्याने वाढायचा. साहेबाच्या मागे उभं राहायचं म्हणून ते श्वास कोंडून धरत, मग तो सुटला की जास्त आवाज व्हायचा. इथून काढल्यावर दोन वर्षांनी गेले. घरात हे आजी सांगायची, पण हसत सांगायची, कारण पोरांसमोर रडायचं नाही असा तिचा नेम होता.

"मग तुम्ही इथे कसे कामाला लागलात?"

"दुसरं काय येतं आम्हाला? वडील नंतर परत लागले इथेच. मग मी." ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "चकत्या आल्या त्या दिवशी वाटलं, सोडावं. पण उलटं ठेवलं की आपल्याला दिसत नाही. सवय झाली."

मी उठून त्याचा हात धरला. माझे डोळे भरून आले होते. तो जरा अवघडला.

"हे लिहिण्यासारखं नाही हं, सर," म्हणाला. "तुम्ही विचारलंत, तुम्हाला चीड आली, म्हणून बोललो. मालकाला माहीत नाही."

मी त्याला धीर दिला. म्हटलं, काळजी करू नका.

२० फेब्रुवारी

झोप नाही. हे लिहिलं गेलंच पाहिजे. हा भित्रेपणा त्याचा नाही, तीन पिढ्यांनी त्याच्यात मुरवलेला आहे. त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला नको का? चौतीस वर्षं मुलांना काय सांगत आलो मी? कणा ताठ ठेवा!

अक्का म्हणाली, "त्याने नको म्हटलंय ना?"

"नाव कुठे घालतोय मी?"

"तिथे म्हातारे वेटर किती आहेत?"

"एक."

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. तिला यातलं कळत नाही.

२३ फेब्रुवारी

आठवा आणि नववा पब उरकून सातव्याचा मजकूर पूर्ण केला. इतका चांगला मजकूर मी आजवर लिहिलेला नाही, हे स्वतःच म्हणायला हरकत नाही. शिवाय मालकाला एक सविस्तर पत्र पाठवलं. चकत्या ताबडतोब बंद करा. तुमच्याच छपराखाली एक वृद्ध सेवक आपल्या आजोबांच्या अपमानावर रोज ग्लास ठेवतो आहे, याची तुम्हाला लाज वाटली पाहिजे. पत्राची प्रत जावईबापूंनाही दिली.

मनावरचं ओझं उतरलं. जिन्यातही शांतता आहे. अक्का म्हणाली, जुन्या बाईला काढून नवी ठेवली. नवी अगदी मुक्याने झाडते. आज सहाच्या पुढे तासभर झोपलो.

२७ फेब्रुवारी

मालकाचा फोन. मी भांडणाच्या तयारीनेच उचलला.

"सर, रडलो मी! खरंच सांगतो, बायकोला वाचून दाखवलं, तीही रडली." आवाज दाटून आला होता. "इतकी वर्षं माणूस माझ्याकडे आहे आणि मला पत्ता नाही. तुम्ही माझे डोळे उघडलेत."

चकत्यांचं विचारलं. म्हणाला, "जुन्या सगळ्या बंद." मी त्याच्याविषयी काहीबाही समजून बसलो होतो, त्याचं वाईट वाटलं. माणूस बोलायला गुळगुळीत आहे, पण आत ओलावा आहे.

जावईबापूही खूश. म्हणाले, "बाबा, आता पुस्तिकेला जीव आला." पुस्तिकेचं प्रकाशन कर्नलमध्येच करायचं ठरलं आहे.

अक्काला फोनचं सांगितलं. "आणि त्या म्हाताऱ्याचं काय म्हणणं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्यालाही आनंदच झाला असणार.

१४ मार्च

आज प्रकाशन झालं. सगळं नीट लिहून काढतो, नाहीतर उद्या मीच ते वेगळं करून लिहीन.

दुपारी चारला गेलो. नवा सदरा, अक्का सोबत. दाराशीच नवी पाटी: 'चारच्या नातवाला भेटा. रोज चार वाजता.' मला आधी अर्थच लागला नाही.

आत पन्नासेक माणसं, बरीचशी परदेशी, हातात ग्लास. टेबलांवर नव्या चकत्या. जुनं व्यंगचित्र गेलं आहे. त्याऐवजी आमच्या म्हाताऱ्या वेटरचा चेहरा, आणि भोवती गोल अक्षरांत माझी वाक्यं. माझीच. 'आजोबांच्या अपमानावर रोज ग्लास ठेवतो आहे.' खाली माझं नाव, निवृत्त इतिहास शिक्षक.

तो मधोमध उभा होता. त्याला लाल डगला घातला होता, जुन्या नोकरांसारखा, पितळी बटणांचा. डोक्यावर फेटा. छातीवर चकचकीत बिल्ला, त्यावर चार. मालकाने मला पुढे ओढून त्याच्या शेजारी उभं केलं, आमच्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकले आणि भाषण केलं. न्याय, स्मृती, सन्मान, सगळं होतं त्यात. टाळ्या झाल्या. मग त्याने म्हाताऱ्याला खूण केली.

म्हाताऱ्याने सांगितलं. तेच जे मला ग्लास पुसत सांगितलं होतं, पण आता पाठ केल्यासारखं, योग्य जागी थांबत. दमा. पडदे. आजी. आजीचं हसणं. बायका डोळे टिपत होत्या. मीही भारावून गेलो होतो, खोटं का बोलू.

मग मागून एक तरुण ग्लास उंचावून म्हणाला, "श्वास कसा घ्यायचे, करून दाखवा ना!"

मालक हसला. म्हणाला, "दाखवा, दाखवा. हाच तर भाग आहे."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण काय करायचं असं नोकर विचारतो, तसं. मला वाटतं, मी त्या क्षणी नको म्हटलं असतं तर त्याने केलं नसतं. मी काहीच म्हणालो नाही. सगळे बघत होते, जावईबापू बघत होते, आणि माझा चेहरा आपोआप समारंभाला शोभेल तसा झाला.

त्याने श्वास कोंडून धरला. गाल फुगवले. मग सोडला, शिट्टीसारखा. लोक हसले. पुन्हा एकदा. पुन्हा हसले, टाळ्या. तिसऱ्या वेळी तो थांबेना. कोंडायचा आणि सोडायचा, कोंडायचा आणि सोडायचा. मान लाल झाली, गळ्याच्या शिरा उठल्या. हसणं तुटक झालं. मग फक्त त्याचाच आवाज उरला. शेवटी तो टेबलाला धरून वाकला, खोकला, आणि माफी मागितली. आमची.

अक्का केव्हाच बाहेर जाऊन उभी राहिली होती.

१५ मार्च

फोटोवाली मुलगी घरी आली. तिने पुस्तिकेतून आपलं नाव काढायला सांगितलं आहे. कालचे फोटो ती कोणालाच देणार नाही. एक मात्र मला दाखवायला आणला होता.

"काका, तुम्ही बघायला पाहिजे," म्हणाली. आवाजात ठसका नव्हता.

फोटोत म्हातारा गाल फुगवून उभा आहे. शेजारी मी. माझे सगळे दात दिसत आहेत. मी हसतो आहे. मला आठवत नाही मी हसलो ते. चांगला स्वच्छ, खुशीतला हसरा चेहरा आहे. त्या रानडुकराच्या मुंडक्याकडे बघताना जे वाटलं होतं, ते त्या चेहऱ्याकडे बघताना वाटलं.

मुलीने विचारलं, "फाडू?" मी म्हटलं, नको. ती गेल्यावर तो वहीत ठेवला.

१८ मार्च

जेवण जात नाही. जावईबापूंना माझं नाव आणि मजकूर काढायला सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, छापून झालंय. आणि लोकांना तेच पान आवडतंय." मालकाला फोन केला. तो आधी गोड बोलला, मग म्हणाला, "सर, आता तुमचंही जरा अतिच होतंय. तुम्हीच म्हणालात ना, त्याच्याकडे लक्ष द्या म्हणून? आणि तुमचा तो माणूस कामावरच येत नाही. चार वाजता मला दुसऱ्या वेटरला फेटा बांधावा लागतो."

"पण तो चारचा नातू नाही!"

"पाहुण्यांना काय कळतंय?"

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन खरोखरच ओकलो. अक्काने पाठीवर हात फिरवला. म्हणाली, "आता त्याच्या घरी जा. आणि तिथे भाषण करू नकोस."

१९ मार्च

दुपारी गेलो. फोटोवालीने पत्ता काढून दिला. जुनी तीन मजली इमारत, लोखंडी जिना. दार बायकोने उघडलं. लहान चणीची, पदराला हात पुसत. मी कोण ते सांगितलं.

"तुम्हीच होय ते सर," म्हणाली. दारातून हलली नाही. "त्यांनी तुम्हाला लिहू नका म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन मला म्हणाले, चांगला माणूस भेटला, ऐकून घेतलं त्याने. बरं वाटलं म्हणाले. त्या दिवशी नीट जेवले."

मी म्हटलं, चूक झाली.

"आणि लिहायचंच होतं तर नाव तरी लिहायचं होतं त्यांच्या आजोबांचं. तुम्हीही चारच लिहिलंत."

नाव मी विचारलंच नव्हतं. आजोबांचं नाही, नातवाचंही नाही.

आतून त्याचा आवाज आला, "अगं, आत घे त्यांना. उन्हातून आलेत."

खोली एवढीशी. एक खाट, एक खुर्ची. तो घरातल्या बनियनवर होता, आणि डगल्याशिवाय फार लहान दिसत होता. मी उभ्यानेच माफी मागितली. आजोबांचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग त्याचं विचारलं. तेही सांगितलं. मी खिशातून वही काढायला गेलो, तेव्हा त्याने हात वर केला.

"लिहू नका, सर. लक्षात राहिलं तर राहू द्या."

वही परत ठेवली. म्हणून इथेही लिहीत नाही.

पुढे काय करणार, विचारलं. दुसरीकडे बघतो आहे म्हणाला. पण या वयात उभं राहायचं काम कोण देणार, आणि बसून करायचं कधी शिकलो नाही, म्हणून हसला. त्याची बायको हसली नाही. ती चहा ठेवायला वळली, तर तो उठला, तिला बाजूला केलं आणि स्वतः चहा केला. कप ट्रेमध्ये ठेवला. रुमालाने ट्रेची कड पुसली. माझ्यापर्यंत आला आणि डाव्या बाजूने, किंचित वाकून, ट्रे पुढे धरला.

मी घाईने उठून ट्रेला हात घातला. म्हटलं, "अहो, नका, मी घेतो, तुम्ही बसा."

"बसा, सर," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

मी बसलो. त्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि तो कप न्यायला समोर उभा राहिला. चहा उत्तम झाला होता. आता हे लिहितानाही ती चव जिभेवरून जात नाही, आणि मला तिची किळस येते आहे.